धर्मादादाच्या अळूचा मान

धर्मा भोईरने लग्नाच्या वेळी मुलगी बघितली नव्हती, म्हशी ऐकल्या होत्या.

पन्नासएक वर्षांपूर्वी त्याचा मामा स्थळ घेऊन वटारला त्याच्या घरी आला. ओट्यावर बसून पान लावता लावता मामा म्हणाला, चंदनसारला एक घर आहे, दारात आठ म्हशी आहेत. मुलीचं नाव, उंची, शिक्षण, स्वभाव हे सगळं मामा पान तोंडात टाकल्यावर सांगणार होता. पण पान तोंडात जायच्या आत धर्मा चपला घालून मागच्या वाडीत पोहोचला होता आणि पावलांनी नव्या खड्ड्याची जागा मोजत होता. आठ म्हशींचं शेण म्हणजे काही थट्टा नाही. हुंडा वगैरे नको, असं त्याने मोठ्या मनाने कळवलं, फक्त दोन बैलगाड्या शेण पाठवा. सासऱ्याला आधी ही चेष्टा वाटली, मग अपमान वाटला आणि शेवटी सोय वाटली. लग्नाच्या दिवशी त्या गाड्या वरातीच्या पुढे होत्या. नवरी हंसा पदर नाकापर्यंत ओढून बसली होती, त्यात लाज निम्मी आणि वास निम्मा. आजही तिला लग्नाचं कोणी विचारलं तर ती एवढंच सांगते, "मी या घरात शेनाच्या मागून आले."

आता चंदनसारच्या त्या गोठ्याच्या जागी सात मजली इमारत उभी आहे, आणि धर्मादादाच्या मुलाने, हरेशने, फ्लॅट घेतला तो नेमका तिथेच. धर्मादादा मुलाकडे गेला की चौथ्या मजल्यावरच्या गुळगुळीत फरशीकडे बघून हळहळतो. खाली केवढा खजिना गाडला गेलाय, याची त्या बिल्डरला कल्पनाच नसणार.

तर धर्मादादाचे दोन गुण यातून कळले. एक म्हणजे शेणावरची निष्ठा. दुसरा म्हणजे अर्ध्यातून उठणं. गोष्टीचा पहिला भाग कानावर पडला की त्याला एवढा आनंद होतो की दुसरा भाग ऐकायला तो जागेवर राहत नाही. शाळासुद्धा त्याने चौथीत अशीच सोडली. मास्तर म्हणाले, "धर्मा, तुला आता मी आणखी काय शिकवणार." मास्तरांचं बोलणं पुढे बरंच होतं, त्यात छडीचाही उल्लेख होता म्हणतात, पण धर्मा तोवर घरी जाऊन आईला सांगून मोकळा झाला होता की आपलं शिक्षण पूर्ण झालं.

एकदा शेतीच्या मेळाव्यात कोणी साहेब बोलले की नारळाला मीठ मानवतं. किती घालायचं ते साहेब पुढच्या वाक्यात सांगणार होते. पण मिठागरं काही लांब नव्हती आणि धर्मादादाकडे सायकल होती. माड वाचला. त्याच्याभोवतीची वांगी, मिरच्या, कोथिंबीर मात्र गेली ती गेली, आणि पुढची दोन वर्षं तिथे गवतसुद्धा उगवायला घाबरत होतं.

त्या जागेवर धर्मादादाने अर्थातच शेणखत टाकलं. सगळ्यावर त्याचा तोच उपाय. घरामागे त्याचे दोन खड्डे असतात, एक भरत असतो तेव्हा दुसरा पिकत असतो. शेण, पालापाचोळा, केळीचे खुंट, चुलीची राख, सुक्या मासळीची डोकी, असे थरावर थर. दर पंधरा दिवसांनी तो खड्डा उलथवतो. खत तयार झालं की मूठभर उचलतो, डोळे मिटतो आणि हुंगतो. पापडीच्या क्लेमेंटीन टीचर कुंड्यांसाठी खत न्यायला स्कूटरवरून येतात. येताना नाकाला रुमाल असतो, जाताना नसतो. "चॉकलेटसारखं दिसतंय हो," असं त्या एकदा म्हणाल्या, ते धर्मादादाने गावभर सांगितलं. आंबा मोहरला नाही, खत घाला. सूनबाईचं आणि सासूचं वाजलं, दोघींनी मिळून खड्डा उलथवा, राग उतरेल. राग उतरायचा हे खरं, कारण दोघींचं लगेच त्याच्याविरुद्ध एकमत व्हायचं.

पण धर्मादादाचा खरा जीव अडकला होता तो अळूत.

वाडीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे धुण्याच्या दगडाचं आणि न्हाणीचं पाणी जाऊन साचतं, तिथे त्याच्या आईच्या हातचं अळू. पानं सुपाएवढी, देठ जांभळे, आणि चिंच घातली नाही तरी घशाला खाजणार नाही अशी जात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गावच्या शंकराच्या देवळात भंडारा होतो. त्या पंगतीतलं फदफदं भोईरांच्या अळूचंच, हा त्या घराचा मान. सकाळी धर्मादादा डोक्यावर अळूचा भारा घेऊन देवळात जाणार, आणि पंगत बसली की फदफद्याचं पहिलं ओगराळं त्याच्या पानात रिकामं होणार. आई जाताना त्याला बजावून गेली होती, गड्डा घराबाहेर जाऊ देऊ नकोस, गड्डा गेला की मान गेला. म्हणून तो गड्डे कोणाला देत नसे. पानंसुद्धा मोजून ठेवत असे.

आणि तरीही बावीस वर्षांपूर्वी एक दिवस बांधापलीकडे श्रीपत घरतच्या शेतात जांभळ्या देठाचं अळू उगवलं.

धर्मादादाने श्रीपतला भर रस्त्यात विचारलं, गड्डे कुठून आणलेस. श्रीपत म्हणाला, "मी चोरलं नाय." बस, एवढंच. कुठून आणलं ते काही सांगितलं नाही. तेव्हापासून भंडाऱ्याच्या पंगतीत दरवर्षी दुसऱ्यांदा फदफदं वाढायला आलं की धर्मादादा खणखणीत आवाजात सांगायचा, "चोराला दुसऱ्यांदा वाढू नका." पंगत हसायची. वाढपी ओगराळं घेऊन श्रीपतच्या पुढून सरळ निघून जायचा. श्रीपत खाली मान घालून भात कालवत राहायचा. बावीस वर्षं श्रीपतच्या पानात दर भंडाऱ्याला फदफदं एकदाच पडलं.

यंदा वैशाखात हरेशची मुलगी तेजस्वी चंदनसारहून आली ती पिशव्या, चमचे आणि लेबलं घेऊन. ती कॉलेजात मातीचं रसायनशास्त्र शिकते आणि तिला तपासणीसाठी माती हवी होती. आजोबांच्या वाडीइतकी माती तिला आणखी कोण देणार. नात माती शिकते याचा धर्मादादाला कोण अभिमान. तो स्वतः खुरपं घेऊन तिच्यामागून फिरला. वरच्या कोपऱ्यातली माती, खालच्या कोपऱ्यातली माती, खड्ड्यातलं खत, विहिरीचं पाणी, दुधी, अळूची पानं, सगळं गोळा झालं. तुलनेसाठी म्हणून तिने श्रीपतच्या शेतातली माती आणि चार पानंही मागून आणली. तेव्हा धर्मादादा म्हणाला, त्यावर नाव भोईरचंच लिही, माल आपलाच आहे.

पंधरा दिवसांनी ती कागद घेऊन परत आली. चेहरा गंभीर होता. तिने आजी-आजोबांना ओट्यावर बसवलं आणि सांगितलं की वाडीच्या मातीत आर्सेनिक आहे.

दोघांनाही ते औषधाचं नाव वाटलं. मग ती म्हणाली, "सोमल, आजोबा. उंदीर मारायचा सोमल." तेव्हा हंसाने हातातलं सूप खाली ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला, विहीर? विहीर स्वच्छ होती. खड्ड्यातलं खतही स्वच्छ होतं. धर्मादादाने सुटकेचा श्वास सोडला तो खताचं ऐकून.

आता वाडीत सोमल आला कुठून, हे आठवायला त्याला वेळ लागला नाही. त्याचा बाप कुंपणाला आणि मांडवाला लागणारे लाकडी खांब विकायचा. खांबांना वाळवी लागू नये म्हणून वरच्या कोपऱ्यात सिमेंटचा हौद बांधला होता, त्यात कसलीशी पांढरी पूड कालवून खांब बुडवून ठेवत. हौद गळका होता. बाप म्हणायचा, गळू दे, जमिनीतली वाळवीपण मरेल. हौद फुटून चाळीस वर्षं झाली होती, पण सोमल काही कुजणारी वस्तू नव्हे. तो जिथे पडला होता तिथेच होता, आणि थोडा थोडा पावसाच्या पाण्याबरोबर उतारावरून खाली गेला होता.

गंमत पुढेच होती. वरच्या कोपऱ्यात, हौदाच्या जागी, मातीत सोमल खालच्यापेक्षा चौपट. पण तिथल्या वेलावरच्या दुधीत तो जवळजवळ नव्हता. खालच्या कोपऱ्यातल्या मातीत कमी, आणि अळूच्या पानांत मात्र मर्यादेच्या दीडपट.

धर्मादादाने विचारलं, हे कसं. तेजस्वी समजावू लागली. वरची माती कोरडी आणि मोकळी आहे, तिथे हवा खेळते. तिथे तुम्ही वर्षानुवर्षं शेणखत टाकलंत. दुधी मुळातच फार सोमल ओढत नाही हा एक भाग झाला. पण खत कुजून मातीत जो काळा अंश उरतो तो, आणि मातीतला लोखंडाचा गंज, दोघांनी मिळून सोमल घट्ट पकडून ठेवलाय, हा दुसरा.

"म्हंजे शेनखत सोमल धरून ठेवतं?" धर्मादादा हळूच म्हणाला.

"हो आजोबा, धरून ठेवतं. पण..."

ओट्यावर तेजस्वी होती, हंसा होती, सूप होतं. धर्मादादा नव्हता. चपलांचा आवाज वाडीच्या मागच्या बाजूला गेला आणि पाठोपाठ फावड्याचा.

तेजस्वी हाका मारत मागे गेली, तर आजोबा सदरा काढून कामाला लागलेले. तो म्हणाला, बाय, तू फक्त बघत राहा. आयुष्यभर मी सांगत आलो ते तुझ्या कॉलेजला आता कळलं. तिने पुन्हा "पण" म्हणून बघितलं. त्याने तिच्याही हातात एक टोपली दिली. संध्याकाळी तिला परत जायचं होतं, परीक्षा होती. ती जाताना एवढं सांगून गेली की अळू खाऊ नका आणि खत थोडं थांबून टाका. त्यातलं अळू खाऊ नका एवढं हंसाने ऐकलं. थांबून टाका हे कोणीच ऐकलं नाही.

दोन दिवसांत अख्खा पिकलेला खड्डा खालच्या कोपऱ्यात गेला. पिकलेला संपला तेव्हा धर्मादादाने कच्च्यालाही हात घातला. शेण, पाला, केळीचे खुंट, सगळं अळूच्या बुंध्याशी. आणि खत जिरावं म्हणून न्हाणीच्या पाण्याची दुसरी चरीही तिकडेच वळवली. त्या कोपऱ्यात घोट्याएवढं काळं पाणी उभं राहिलं, त्यावर बुडबुडे येऊ लागले. ते बघून तो हंसाला म्हणाला, बघ, सोमलचा जीव चाललाय.

आषाढात तेजस्वीने पुन्हा पानं नेली. यावेळी कागद आला तेव्हा तिने आजोबांना ओट्यावर बसवलं, त्यांच्या चपला उचलल्या आणि स्वतःच्या मांडीखाली घेऊन बसली.

पानांतला सोमल दीडपट होता तो तिप्पट झाला होता.

"आता तुम्ही 'पण'च्या पुढचं ऐकणार आहात," ती म्हणाली.

धर्मादादाला समजेल असं काय सांगावं याचा तिने बहुतेक येतानाच विचार केला होता. ती म्हणाली, आजोबा, भंडाऱ्याची पंगत डोळ्यांपुढे आणा. मातीतला गंज म्हणजे मांडलेले पाट. सोमल त्या पाटांवर बसलाय. कोरड्या जमिनीत तो बसला की बसला, उठत नाही, आणि मुरलेलं खत त्याला बसवून ठेवायला मदतच करतं. पण साचलेल्या पाण्यात ताजं शेण टाकलं की त्याचं काळं पाणी सुटतं. ते पंगतीत घुसतं आणि सोमलला पाटावरून उठवून स्वतः बसतं. हा झाला एक घोटाळा. दुसरा त्याहून मोठा. मातीत जंतू असतात. तुम्ही त्यांना एवढं खायला घातलंत की ते सुटले. पाण्याखाली हवा नाही, मग ते श्वासासाठी गंजच वापरतात. गंज विरघळतो. म्हणजे आता पाटच काढून घेतले. मग बसलेला सगळा सोमल उभा राहणार आणि समोर दिसेल त्या मुळात शिरणार.

 धर्मादादाने विचारलं, "म्हंजे पाट मीच उचलले?"

"पाट तुम्ही उचललेत आणि पंगतीला आग्रहाने शेण वाढलंत."

हंसा आतून म्हणाली, आठ म्हशींचा हिशेब आज पुरा झाला.

तेजस्वीने मग धीरही दिला. तुम्ही दोघं वर्षातून चार-पाच वेळा अळू खाता. दोघांच्या नखांची तपासणी केली आहे, काळजीचं काही नाही, डॉक्टरांनीही तसंच सांगितलंय. भंडाऱ्यात वर्षातून एकदा एक ओगराळं खाऊन आजवर कोणाला काही झालं नसणार. पण आता आकडा तिप्पट आहे. अळू खायचं नाही आणि खायला द्यायचंही नाही. त्या कोपऱ्यातलं पाणी काढून जमीन कोरडी करायची, तिथे खाण्याचं काही लावायचं नाही, आणि हौदाच्या जागेला उगाच खणत बसायचं नाही.

श्रावण दहा दिवसांवर होता. भंडारा त्यानंतर चार आठवड्यांनी.

धर्मादादाने दुसऱ्या दिवशी अळू स्वतःच्या हाताने उपटलं. उपटलेला भारा उचलून तो सवयीने खतखड्ड्याकडे निघाला, तेव्हा तेजस्वीने धावत जाऊन त्याचा हात धरला. जन्मात त्याने एक हिरवं पान खड्ड्याबाहेर टाकलं नव्हतं. सगळं गोणीत बांधून कॉलेजच्या मॅडम सांगतील तिथे पाठवायचं ठरलं. गोणीचं तोंड शिवताना त्याने विचारलं, यातला एक गड्डा तरी राहू देऊ का. ती म्हणाली, चांगल्या मातीत लावून, पुढची पानं तपासून बघता येईल, पण भंडाऱ्यापर्यंत ते काही व्हायचं नाही.

मान जाणार हे आता नक्की होतं. आजोबांचा चेहरा बघून तेजस्वीनेच विषय काढला की श्रीपतकाकांची पानंही तेव्हाच तपासली होती, ती अगदी स्वच्छ आहेत.

"तो अळवाला शेन घालतच नाय," धर्मादादा कडवटपणे म्हणाला. "नुसती राख घालतो कंजूष."

तेजस्वी म्हणाली, त्याचा इथे संबंध नाही, त्यांच्या मातीत सोमल मुळातच नाही. पण धर्मादादाचं लक्ष तिकडे नव्हतं. त्याच्या डोक्यात दिवा लागला होता. श्रीपतचं अळू स्वच्छ. श्रीपतचं अळू म्हणजे आपल्याकडून चोरलेलं. म्हणजे आईचंच अळू. म्हणजे मान घरातच! फक्त श्रीपतने चोरी कबूल केली पाहिजे.

यावेळी चपला तेजस्वीच्या मांडीखाली नव्हत्या.

श्रीपत पडवीत जाळं विणत बसला होता. त्याची बायको यमुना तांदूळ निवडत होती. धर्मादादा बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या पडवीत चढला, तशी यमुनाच्या हातून ताट निसटता निसटता राहिलं. धर्मादादा समोर बसला, पाणी प्यायला, जाळ्याची चौकशी केली, आणि मग अगदी गोड आवाजात म्हणाला, "श्रीपत, माझं आळू तूच चोरलंस ना?"

"नाय चोरलं."

"बघ, मला आता राग नाय. सगळं इसरलो. तू नुसतं व्हय म्हन."

"दादा, चोरलंच नाय तं व्हय कसं म्हनू?"

धर्मादादाने त्याला परोपरीने समजावलं. चोरी तशी मोठी गोष्ट नाही. तरुणपणी माणसाच्या हातून होतं. त्याने स्वतःही एकदा देवळाचा नारळ उचलला होता. चोरायला अंगात हुन्नर लागतो, तुझ्यात तो आहे. जरा आठव, अंधार असेल, बांध ओलांडला असशील. श्रीपत जाळ्याच्या गाठी मारत राहिला. यमुना मात्र तांदळात तोंड घालून बसली होती, आणि तिचे खांदे हलत होते. ती हसते आहे की रडते आहे हे धर्मादादाला कळलं नाही. तो चिडून उठला. चोराला चोरी कबूल करायचीही अक्कल नाही, असं पुटपुटत घरी आला.

त्या रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात भंडाऱ्याची बैठक होती. मंडळाचे अध्यक्ष वही उघडून बसले. तांदूळ कोणाचे, डाळ कोणाची, भांडी कोण आणणार हे झालं. अळूपाशी आल्यावर त्यांनी वर न बघताच लिहिलं, भोईर.

"खोडा," धर्मादादा म्हणाला.

येताना तेजस्वीने त्याला विचारलं होतं की सांगायलाच हवं का, यंदा अळूला कीड लागली एवढं म्हटलं तरी चालेल. तो म्हणाला होता, कीड म्हटलं तर लोक पुढच्या वर्षी मागतील. आता तो उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. बापाचा हौद, पांढरी पूड, सोमल, वरचा कोपरा, खालचा कोपरा. आणि खत कसं पाटावर बसवतं आणि कसं उठवतं, तेही सांगितलं. "खत टाकलं मी. पानी वळवलं मी. तुमच्या एकाच्या पन पानात माझं आळू जानार नाय. मान ज्याचं आळू चांगलं त्याला द्या." एवढं बोलून तो बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो भाषण पूर्ण करून बसला होता, त्यामुळे पुढे काय करायचं हे त्याला सुचेना.

 मग सोमल आपल्या घरात तर नाही ना, असा प्रश्न चारी बाजूंनी आला. तेजस्वीने ज्याला हवी त्याची माती तपासून द्यायचं कबूल केल्यावर लोक स्थिरावले. मग अध्यक्षांनी विचारलं, चांगलं अळू कोणाकडे आहे. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. अध्यक्षांनी भोईर खोडलं आणि घरत लिहायला पेन टेकवलं.

श्रीपत उभा राहिला. त्याने बायकांच्या बाजूला एकदा बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "आळू माझ्या शेतातलं घ्या. पन मान नको. आळू दादाच्या घरातलंच हाय."

"बघा!" धर्मादादा आनंदाने ओरडला. "चोरलं म्हनाला!"

"चोरलं नाय," श्रीपत म्हणाला. मग पुन्हा बायकांच्या बाजूला बघू लागला.

तेव्हा बायकांतून हंसा उठली. पदर खोचला आणि जेवण झालं का विचारावं तशा सुरात म्हणाली, "त्यानं चोरलं नाय. मी दिलं."

 हंसाने सांगितलं ते असं. बावीस वर्षांपूर्वी यमुनाला सातवा महिना होता आणि तिला डोहाळे लागले ते अळूचे. सकाळ, दुपार, संध्याकाळ अळू. बांधापलीकडून ती भोईरांच्या कोपऱ्याकडे बघत उभी राहायची. गरोदर बाई तोंडाने मागते आहे तर नाही कसं म्हणायचं. पानं दिली असती, पण हे पानं मोजतात. गड्डे कोण मोजतो, ते जमिनीत असतात. म्हणून एक दिवस हे खड्डा उलथवत असताना तिने पाच गड्डे पदरात घालून बांधावरून दिले, आणि श्रीपतकडून शब्द घेतला की माझं नाव सांगायचं नाही.

सगळा सभामंडप आता अल्पेशकडे बघत होता. श्रीपतचा हा बावीस वर्षांचा मुलगा, उंच, धिप्पाड, खांबाला टेकून उभा. ज्याच्यासाठी हे सगळं झालं त्या अल्पेशला अळू नुसतं बघितलं तरी घशाला खाज सुटते, हे गावाला ठाऊक होतं. पहिला हसला तो अध्यक्ष. मग कोणीच थांबेना.

धर्मादादा उठून श्रीपतपाशी गेला.

"बावीस वर्सं चोर म्हनत व्हतो तुला," तो म्हणाला. "एकदा तरी बोलायचं व्हतंस रं."

"वयनीला शब्द दिलता," श्रीपत म्हणाला. "आनि दादा, चोर म्हनून का व्हईना, दरसाल पंगतीत माझं नाव घेनारा तूच एक व्हतास."

 धर्मादादाने दुसऱ्या दिवशी श्रीपतकडे खताच्या चार टोपल्या पाठवल्या. श्रीपतने विचारून पाठवलं, पाण्यात घालू की कोरड्यात.

भंडाऱ्याच्या सोमवारी अळूचा भारा दोघांनी मिळून आणला, एक टोक याच्या खांद्यावर, एक त्याच्या. पंगत बसली. वाढपी फदफद्याचं पहिलं ओगराळं घेऊन सवयीने धर्मादादाच्या पानाशी वाकला, तर धर्मादादाने पानावर हात आडवा धरला आणि श्रीपतकडे बोट केलं. दुसऱ्यांदा वाढायला आले तेव्हा पंगतीचे हात आपोआप थांबले. सगळे दरवर्षीच्या त्या वाक्याची वाट बघत होते.

"श्रीपतला दुसऱ्यांदा वाढा," धर्मादादा खणखणीत म्हणाला.

मग तिसऱ्यांदा म्हणाला. मग चौथ्यांदा. बावीस वर्षांची बाकी होती, ती एका बैठकीत फेडायचा त्याचा विचार दिसत होता. पाचव्याला श्रीपतने पानावर आडवं पडायचं तेवढं बाकी ठेवलं. यमुना ओरडून सांगत होती, आवं, मानूस मरेल, सोमलानं नाय तं अळवानं.

हात धुऊन सगळे देवळाच्या पायरीवर बसले. श्रीपतने पाच गड्डे फडक्यात बांधून आणले होते, ते त्याने धर्मादादाच्या मांडीवर ठेवले. धर्मादादाने ते हुंगले. कुठे लावायचे, असं त्याने तेजस्वीला विचारलं. ती म्हणाली, विहिरीच्या पलीकडची माती मी तपासली आहे, ती चांगली आहे. तिथे उंच वाफा करा, आणि तुमचं मुरलेलं खत घाला.

"खत घालू?" धर्मादादाचा चेहरा उजळला.

"घाला आजोबा. पण..."

धर्मादादा उठलाच होता. त्याने हंसाकडे बघितलं, श्रीपतकडे बघितलं, हातातल्या गड्ड्यांकडे बघितलं, आणि पुन्हा पायरीवर टेकला.

"बोल बाय," तो म्हणाला. "पन काय?"

एक पाय मात्र चपलेत गेला होता, तो त्याने काही बाहेर काढला नाही.